हॉप्सला गोव्याची रात्र लांब वाटते

गोव्यात घरी हॉप्स लावायचे म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "इथे उकाडा फार. ते थंड देशातलं झाड, जगणार नाही." चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. मग हिमाचलातल्या लाहौलहून आलेला मूळकांडाचा वीतभर तुकडा फोंड्याजवळच्या आमच्या घरी कुंडीत लावला आणि तो जगला. पंधरा दिवसांत कोंब वर आला, दोरीला विळखा घालून चढू लागला, पानं हिरवीगार. जेमतेम माझ्या खांद्याएवढा झाला आणि त्याने फुलं धरली. मोजून सात. त्यानंतर वेल थांबला तो थांबलाच.

उकाड्याने मरणारं झाड असं वागत नाही. ते कोमेजतं, त्याच्या पानांच्या कडा करपतात. हा वेल मात्र घाईत होता. हंगाम संपत आलाय, आता फुलून घ्यायला हवं, अशी ती घाई. ती कशामुळे हे समजलं तेव्हा गोव्यातल्या हॉप्सचं मुख्य कोडं सुटलं. पण तिथवर जाण्याआधी हॉप्स म्हणजे काय आणि बिअरला ते कशाला लागतात, हे सांगायला हवं. बिअर आवडीने पिणाऱ्या पुष्कळांनी हॉप्स कधी डोळ्यांनी पाहिलेले नसतात.

हॉप्सचं मूळकांड जमिनीखाली वर्षानुवर्षं जगतं. वरचा वेल दर हंगामात नवा फुटतो आणि काम झालं की वाळून जातो, आपल्या करांदे-कणग्यांसारखा. युरोपात उन्हाळ्याच्या भरात तो दिवसाला वीतभर वाढतो आणि ५-६ मीटर उंच जातो. मिरवेल पोफळीला पेरापेरावरच्या मुळ्यांनी चिकटते. हॉप्सला तशा मुळ्या नाहीत आणि कारल्यासारखे ताणेही नाहीत. तो स्वतःच दोरीभोवती वळत जातो आणि खोडावरच्या ताठ, आकड्यासारख्या केसांनी पकड घेतो. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो. उलटा गुंडाळून दिलात तर दुसऱ्या दिवशी सुटून लोंबताना दिसेल.

पपईसारखी हॉप्समध्येही नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. बिअरला लागतात ती मादी वेलाची फुलं. म्हणून बी पेरून उपयोग नसतो: त्यातून नर निघेल की मादी ते आधी कळत नाही, आणि मादी निघाली तरी ती आईसारखी असेलच असं नाही. चांगल्या मादी वेलाचं मूळकांड किंवा कोवळ्या फांदीचं कलमच लावायचं. मी सर्वांत आधी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'हॉप्सचं बी' घेतलं होतं. उगवलं ते भलतंच झाड होतं, आणि एक अख्खा हंगाम त्यात गेला. तुमचा जाऊ नये म्हणून सांगते.

फूल म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं हिरवं बोंड, कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचं. एक बोंड उभं फाडा. पापुद्र्यांच्या तळाशी हळदीसारखी पिवळी, बोटांना चिकटणारी पूड दिसेल. तिचं नाव लुप्युलिन. हॉप्सचं सगळं मोल या पुडीत आहे; बाकीचं बोंड म्हणजे तिची पिशवी. हा वेल आणि भांग एकाच कुळातले, कॅनाबेसी कुळातले. पानाफुलांचा वास घेतला की नातं जाणवतं, पण भांगेतलं नशा आणणारं द्रव्य हॉप्समध्ये नसतं.

बिअरला हे कडू कशाला?

ज्याने माडाचा सूर, म्हणजे माडी, ताजा प्यायलाय त्याला हे लवकर समजेल. रेंदेराने, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याने, सकाळी उतरवलेला सूर गोड असतो. दुपारपर्यंत तो फेसाळतो, संध्याकाळी आंबूस लागतो, आणि तसाच ठेवला तर पुढे त्याचा विनेगर होतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत असते, तेव्हा त्याच भांड्यात जिवाणू आम्ल तयार करत असतात. आपण यावर तोड काढली ती अशी, की सूर लगेच वापरायचा, सान्नांच्या पिठात घालायचा, विनेगर करायचा, नाहीतर भट्टीवर चढवून फेणी काढायची. भट्टीत जिवाणू मरतात आणि जे खाली उतरतं त्यात अल्कोहोल इतकं असतं की पुढे त्यात काही वाढत नाही. काजूच्या रसाचीही तीच वाट.

बिअरला भट्टी नाही. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे मॉल्ट, भरडून गरम पाण्यात भिजवतात, त्याचं गोड पाणी काढून उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट घालतात. शेवटी अल्कोहोल असतं पाच टक्क्यांच्या आसपास. एवढ्याने जिवाणू पूर्ण थांबत नाहीत. हॉप्समधली कडू आम्लं ते काम करतात: लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या पेशीचं आवरण ती निकामी करतात. यीस्टला मात्र त्यांचा तसा त्रास होत नाही. विनेगर करणाऱ्या जिवाणूंवर हॉप्सची मात्रा चालत नाही. त्यांना अडवायचं तर हवाच बंद करावी लागते, म्हणून बिअरचं भांडं झाकलेलं असतं.

युरोपालाही हे उमजायला वेळ लागला. आधी तिथे निरनिराळ्या रानटी वनस्पती घालून बिअर करत. हॉप्सने पेय टिकतं हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती बाईंनी लिहून ठेवलं आहे. १५१६ साली बव्हेरियाच्या राजवटीने नियमच केला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. पुढे इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे निघालेली पिंपं आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून कित्येक महिन्यांनी पोचत. त्या बिअरमध्ये हॉप्स भरपूर घालत. आज मेनूवर दिसणाऱ्या 'इंडिया पेल एल' या बिअरच्या नावातल्या 'इंडिया'चा उगम त्या प्रवासात आहे.

दुसरं कारण चवीचं. मॉल्टचं पाणी काकवीच्या पातळ पन्ह्यासारखं गोड लागतं, आणि यीस्टने साखर खाल्ल्यावरही मागे थोडा गोडवा उरतो. कडूपणा त्याला तोलतो. बिअरचा फेस टिकतो तोही काही अंशी याच कडू द्रव्यांमुळे.

आता एक गंमत अशी की लुप्युलिनमधली मूळ आम्लं, ज्यांना अल्फा आम्लं म्हणतात, ती पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून हॉप्स उकळावे लागतात. खळखळत्या उकळीत त्या रेणूची रचना बदलते: सहा कोपऱ्यांचं कडं आकसून पाच कोपऱ्यांचं होतं. हे नवं रूप विरघळतं, आणि कडू लागतं ते हेच. तासभर उकळूनही साधारण पाव हिस्साच कामी येतो. उलट सुवासिक तेलं तासभराच्या उकळीत वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रूअर एकच हॉप्स दोनदा घालतो, कडूपणासाठी उकळीच्या सुरुवातीला आणि वासासाठी शेवटी, किंवा बिअर निवून आंबल्यावर. आमटीला तेलात घातलेला कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, तसा हा फरक.

वासाबद्दल थोडं रेंगाळते, कारण माझा जीव तिथेच अडकला. माझा भाचा एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. त्याने एकदा पुडीत चिमूटभर हॉप्सच्या गोळ्या आणल्या आणि म्हणाला, "मावशी, डोळे मिटून वास घे आणि सांग कशाचा." मी म्हटलं, "कच्चा आंबा, मिरी, थोडा गवती चहा." तो हसला नाही. म्हणाला, "बरोबर आहे." हॉप्सच्या तेलात मर्सीन नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि ते आंब्याच्या कित्येक जातींत असतं, गवती चहातही असतं. कॅरियोफिलीन मिरीत आणि लवंगेत असतं. धण्यांचा वास ज्या लिनालूलचा, तेही हॉप्समध्ये सापडतं. जे आपल्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आणि मसाल्याच्या डब्यात आहे तेच हा परका वेल वेगळ्या प्रमाणात मिसळतो. तेव्हापासून हॉप्स मला परके वाटत नाहीत.

आणि किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. हॉप्सचं हे कडू रूप उन्हात फुटतं आणि त्यातून गंधकयुक्त, उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली बिअर शॅकच्या टेबलावर उन्हात ठेवली तर थोड्या वेळातच तिला विचित्र वास येतो, तो यामुळे. तपकिरी बाटली तो उजेड अडवते.

झाड रात्र मोजतं

आता माझ्या त्या घाईतल्या वेलाकडे येते. नाताळच्या सुमारास बागेतली पॉइनसेटिया लाल होते. तिला कोण सांगतं डिसेंबर आला म्हणून? थंडी नव्हे, रात्रीची लांबी. शेवंतीचंही तसंच. पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. उजेडात ते एका रूपात असतं, अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपाकडे वळतं. सलग अंधार किती वेळ होता, हे झाडाला त्यावरून कळतं. रात्र ठरावीक मापापेक्षा लांबली की या झाडांना फुलायची खूण मिळते. हॉप्स याच गटातला.

हॉप्सचा मुलूख साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. जर्मनीतला हालरटाऊ, चेक देशातलं झाटेत्स, अमेरिकेतलं याकिमा खोरं, सगळे त्याच पट्ट्यातले. तिथे जूनमध्ये दिवस सोळा तासांच्या आसपास जातो. रात्र इतकी आखूड असताना वेल फुलाचा विचारच करत नाही, फक्त चढत राहतो. जूननंतर रात्री लांबू लागल्या की तोवर सहा मीटर झालेला वेल आपल्या शेकडो आडफांद्यांवर एकदम फुलतो. पीक येतं ते या क्रमामुळे: आधी भरपूर वाढ, मग फूल.

गोवा १५ अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा, सर्वांत लहान सव्वाअकरा तासांच्या आसपास. म्हणजे हॉप्सच्या हिशोबाने इथे बाराही महिने शरद ऋतू आहे. कोंब वर येतो, रात्र मोजतो, ठरावीक पेरं झाली की फुलतो. अंगाने तो तेव्हा लहान असतो, म्हणून फुलं सात. माझ्या वेलाने काहीच चूक केली नव्हती. त्याने रात्र अचूक मोजली होती.

प्रत्येक जातीचं माप थोडं वेगळं असतं. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुमारे तीन हजार मीटर उंचीवर कित्येक दशकं हॉप्स पिकतात. तिथला सर्वांत मोठा दिवस सव्वाचौदा तासांचा आहे. दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज शहराच्या परिसरातही दिवस तितकाच. तिथे युरोपातल्या जाती नीट येईनात, म्हणून लहान दिवसात चालतील अशा जाती मुद्दाम पैदा केल्या गेल्या. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी मात्र दुसरा मार्ग घेतला: शेतात रात्री दिवे लावले. झाडाला दिवस मोठा आहे असं वाटायला लावायचं, आणि पुरेसं वाढलं की दिवे बंद करायचे.

मग थंडीचं काय? हॉप्सला हिवाळ्यात झोप लागते, गारठा मिळाल्याशिवाय तो पुढच्या वर्षी फुलत नाही, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या होती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या विल्यम बॉअरल यांनी २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये दाखवून दिलं की तसा गारठा आवश्यक नाही. उजेडाचे तास सांभाळले तर वेल थंडीशिवायही फुलतो. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण याचा अर्थ उघड होता. गोव्यातला डिसेंबर, दिवसा ३२ अंश आणि पहाटे वीसच्या आसपास, हा युरोपातल्या कडक उन्हाळ्यासारखाच आहे. हवा कोरडी, ऊन स्वच्छ. उणीव एकच, सहा वाजता होणारा अंधार. आणि ती उणीव एका दिव्याने भरून निघते.

बाल्कावातली पद्धत

मी जे करते ते सांगते. ही एका घरातली, दोन वेलांवरची पद्धत आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

सुरुवात दिवाळीच्या आधी, पाऊस मागे हटला की. कुंडी लहान घेऊ नका. पन्नास लिटरची ग्रो बॅग हवी, कारण मूळकांड खोल आणि रुंद पसरतं. आपली जांभ्याची लाल माती आम्ल असते आणि हॉप्सला सहा ते सातमधला सामू (पीएच) मानवतो, म्हणून मातीत थोडा चुना मिसळायचा. मी शिंपल्यांचा चुना वापरते. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समान घेतला की पाणी साचत नाही आणि ओलही टिकते. मूळकांड आडवं, चार बोटं खोल. हा वेल नत्राचा भुकेला आहे; वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी शेणाची स्लरी किंवा नीमपेंड लागते, आणि पाणी रोज.

दोरी काथ्याची. सुंभाचा खरखरीतपणा हॉप्सच्या आकड्यांना फार मानवतो, नायलॉनवरून तो घसरतो. अमेरिकेतल्या हॉप्सच्या मळ्यांतही वेल चढवायला काथ्याचीच दोरी वापरतात, आणि नारळ काही तिथे होत नाही. आपल्या माडाचं या वेलाशी असं जुनं नातं आहे, आणि दोरी बांधताना दर वर्षी मला त्याचं बरं वाटतं. बाल्कावाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, वाशापासून कुंडीपर्यंत दोन दोऱ्या सोडायच्या. कोंब पुष्कळ येतात. त्यातले जोमदार चार ठेवायचे, बाकीचे खुडायचे. कोवळे खुडलेले कोंब मी परतून खाते, तांबड्या भाजीसारखे, कांदा आणि ओलं खोबरं घालून. वेल हाताळताना लांब बाह्या घाला, नाहीतर हातावर लाल ओरखडे उठतात.

मग दिवा. साधा एलईडी बल्ब, त्याला टायमर. झाड रात्र मोजतं तेव्हा त्याला ऊन नको असतं, फक्त अंधार मोडायचा असतो. म्हणून मंद उजेड पुरतो. मी अशी पारख ठेवली आहे: वेलाच्या कोणत्याही पानाजवळ वर्तमानपत्र धरलं तर आरामात वाचता आलं पाहिजे. वेल उंच गेला की एक दिवा पुरत नाही, वर दुसरा लावावा लागतो. सूर्य मावळायच्या थोडं आधी दिवा लागतो आणि रात्री अकराला विझतो, म्हणजे उजेड साडेसोळा तासांचा होतो. इथे सांभाळायची गोष्ट एकच, सातत्य. वीज जाण्याचा प्रश्न तुम्हाला माहीत आहेच. मी दिवा इन्व्हर्टरवर टाकला आहे.

पहिल्या वर्षी सात फुलं देणारा तो वेल दुसऱ्या वर्षी दिव्याखाली पौषात वाशाला पोचला. शेजारचा रेंदेर बाल्कावाकडे पाहून म्हणाला, "हें कितें, मिरवेल?" मी त्याला एक पान चुरडून वास दिला. तो बराच वेळ ते पान नाकाशी धरून उभा होता.

जानेवारीच्या मध्यावर दिवा आवरता घ्यायचा. दुसऱ्या वर्षी मी तो एकदम बंद केला. फुलं आली, पण बेताचीच, आणि वेल लवकर पिवळा पडला. तिसऱ्या वर्षी दोन आठवडे साडेआठपर्यंत दिवा ठेवला, मग पुढचे दोन आठवडे साडेसातपर्यंत, आणि मग बंद. त्या वर्षी आडफांद्या चांगल्या फुटल्या आणि फुलं कितीतरी जास्त धरली. साडेसोळा तासांच्या दिवसावरून सव्वाअकरावर एकदम उतरणं वेलाला फार अचानक होत असावं, असं मला वाटतं.

कीड-रोगांत दोन गोष्टींकडे लक्ष हवं. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी येतो. आठवड्यातून दोनदा पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तर तो आटोक्यात राहतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, त्याला साबणाचं पाणी. पण हॉप्सचा खरा शत्रू केवडा रोग, पानांच्या मागे करडी बुरशी धरणारा. त्याला दमट हवा लागते. म्हणूनच गोव्यात जूनमध्ये हॉप्स लावणं मला चुकीचं वाटतं, जरी तेव्हा दिवस सर्वांत मोठा असला तरी. कॅलेंडर पाहून नव्हे, पाऊस पाहून लावा.

काढणी, आणि किती पुरेल त्याचा हिशोब

मार्चमध्ये बोंडं तयार होतात. डोळ्यांपेक्षा हाताने ओळखावं: कच्चं बोंड ओलसर, मऊ लागतं आणि दाबलं की दबलेलंच राहतं, तयार झालेलं कागदासारखं कुरकुरतं आणि सोडलं की पुन्हा फुलतं. आतली पूड फिकट पिवळी असेल तर थांबा, गडद पिवळी झाली की काढा. सगळी एकाच दिवशी तयार होत नाहीत. मी तीन-चार वेळा खुडते.

ताज्या बोंडांत सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. ती तशीच ठेवली तर दोन दिवसांत कुजतात. वाळवायची सावलीत, उन्हात कधीच नाही, कारण उन्हाने तेलं उडतात. आमसुलं वाळवण्याची सवय असलेल्या हाताला इथे आवर घालावा लागतो. मार्चमध्येही आपल्याकडे हवेत ओल असते, त्यामुळे नुसत्या वाऱ्यावर काम भागत नाही. मी जाळीच्या चाळणीवर पसरून खाली छोटा पंखा लावते आणि शेवटी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर फूड ड्रायरमध्ये काही तास ठेवते. बोंडाच्या मधला देठ वाकवून पाहा. वाकला तर ओल आहे, टचकन मोडला तर झालं. मग हवा काढून पिशवी बंद करायची आणि फ्रीझरमध्ये. बाहेर राहिलेल्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येऊ लागतो, आणि तो बिअरमध्ये उतरतो.

तिसऱ्या वर्षी दोन वेलांवर मिळून मला ताजी ३१० ग्रॅम बोंडं मिळाली, वाळून झाली ६२ ग्रॅम. हे कमी की पुरेसं? कडूपणा मोजतात तो एका लिटरात किती मिलिग्रॅम कडू द्रव्य आहे त्यावरून. हलक्या लागर बिअरमध्ये ते दहाच्या आसपास असतं, चांगल्या कडसर एलमध्ये तीस. वीस लिटर एलला तीसच्या हिशोबाने ६०० मिलिग्रॅम लागेल. उकळीत पाव हिस्साच उतरतो, म्हणून चौपट, २४०० मिलिग्रॅम अल्फा आम्ल हवं. हॉप्समध्ये ते पाच टक्के असेल तर ४८ ग्रॅम वाळलेली बोंडं. म्हणजे माझं वर्षाचं पीक एका वीस लिटरच्या भांड्यात संपतं.

पण अडचण प्रमाणाची नाही, माहितीची आहे. झाटेत्सच्या जुन्या जातीत अल्फा आम्ल तीन-चार टक्के असतं, मॅग्नमसारख्या जातीत बारा टक्क्यांच्या वर. माझ्या बोंडांत किती आहे ते प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. अंदाजाने घातलं तर बिअर मचूळ होईल किंवा किराइताच्या काढ्यासारखी. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कडूपणासाठी टक्केवारी छापलेल्या विकतच्या गोळ्या घ्याव्यात, आणि घरच्या बोंडांचा उपयोग वासासाठी करावा. त्यातही ती ताजी, न वाळवता, काढल्या दिवशीच शेवटच्या उकळीत घातली तर जो हिरवा, पावसानंतरच्या कुळागरासारखा वास उतरतो, तो कोणत्याही पाकिटात मिळत नाही. पाकिटातले हॉप्स समुद्रापलीकडून येतात. ताजं बोंड इथेच उगवावं लागतं. घरी हॉप्स लावण्याचं माझ्या मते हेच सर्वांत भक्कम कारण.

कायद्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. वेल लावण्याला काही आडकाठी नाही. पण मद्य बनवणं, मग ती वीस लिटर बिअर का असेना, गोव्यात १९६४ च्या अबकारी कायद्याखाली येतं आणि त्याला परवाना लागतो, जसा काजूच्या भट्टीला लागतो. म्हणून माझी बोंडं भाच्याकडे जातात आणि त्यांच्या परवानाधारक जागेत चाचणीच्या भांड्यात पडतात. स्वतः करायची इच्छा असेल त्यांनी आधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात चौकशी करावी. घरी मी हॉप्सचा सोडा करते: चार-पाच वाळलेली बोंडं गरम पाण्यात दहा मिनिटं, गाळून, गार करून, लिंबू आणि सोडा. त्यात अल्कोहोल नसतं आणि वास पूर्ण असतो.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सामानात मूळकांड आणायला सांगू नका. लावणीचं साहित्य आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. एका मुळाबरोबर आलेली बुरशी किंवा विषाणू लाहौलच्या शेतकऱ्यांचं पीक बुडवू शकतो. देशातच मिळणारं घ्या.

घरात कुत्रा असेल तर बोंडं, वाळलेली असोत की उकळून गाळलेली, त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याच्या अंगाचं तापमान धोकादायक रीतीने चढतं आणि जीव जाऊ शकतो. गाळलेला चोथा मी खोल खड्ड्यात पुरते आणि वर दगड ठेवते.

एप्रिलमध्ये वेल पिवळा पडला की गुडघ्यापासून छाटते, पाणी कमी करते आणि कुंडी सावलीत सरकवते. मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत ती पडवीत, छपराखाली जाते, कारण जूनच्या धारांखाली राहिलेलं मूळकांड सडतं. माझं एक तसंच गेलं. पावसाळाभर आठवड्याला एक तांब्या पाणी पुरतं. चतुर्थीच्या सुमारास माती बोटाने उकरून पाहते. पांढरे, टोकदार डोळे दिसले की काथ्याची नवी दोरी आणायला बाजारात जाते.